पिंजऱ्यातील मौन

पेडगाव सोडताना एका कुटुंबाने बजरीगरांची जोडी माझ्या स्वाधीन केली. (गावात त्यांना ‘लव्हबर्ड’ म्हणत, तो पक्षी निराळा.) जॉन गूल्ड याने १८४० मध्ये ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला नेलेले हे पाखरू मूळचे कोरड्या माळरानाचे, परभणीचा उन्हाळा त्यास सहज सोसेल, असे मी गृहीत धरले. राळे, बाजरी, समुद्रफेस, ताजे पाणी सारे वेळेवर देत असे. मे महिन्यात नर पिसे फुगवून दिवसभर गप्प बसला. मला ती शांतता वाटली. आजार लपविणे हा या पक्ष्यांचा स्वभाव, हे नंतर कळले. सकाळच्या मिस्साविधीनंतर परतलो, तो पिंजऱ्याच्या तळाशी निपचित पडला होता.

त्या घरच्या मुलीचे पत्र आले आहे: “फादर, दोघे कसे आहेत?” उत्तर अजून लिहिलेले नाही. मादीची विष्ठा मात्र रोज न्याहाळतो.