विमानातली जागा : मुंबई ते नागपूर

विमान हे मंत्री, पुढारी आणि बडे व्यापारी यांचे वाहन, अशी आपल्या घरांतून कालपर्यंत समजूत होती. ती अगदीच चुकीची नव्हती. पण आज आपल्या वस्तीत चार घरे फिरून पाहिली तर एका घरातले तरी कोणी विमानात बसून आलेले असते. कुणाचा मुलगा बंगळूरला नोकरीला आहे, कुणाची मुलगी दिल्लीला परीक्षेला जाऊन आली, कुणी आजारी बापाला घेऊन गेले. तिकीट मोबाईलवर निघते आणि दोन महिने आधी काढले तर कधी कधी रेल्वेच्या वातानुकूलित डब्याच्या जवळपास पडते. पण तिकीट हाती आले म्हणजे जागा हाती आली असे होत नाही. कोण कुठे बसणार, हे कोण ठरवते, त्याचे वेगळे पैसे का आणि नियम आपल्या बाजूने काय सांगतो, याची माहिती आपल्या माणसांना सहसा कोणी देत नाही.

एस.टी.त जागा धरण्याची आपली रीत सर्वांना ठाऊक आहे. गाडी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी आणि प्रसंगी लहान पोर आत सोडायचे. विमानातही कधीकाळी जवळजवळ हीच रीत होती, असे म्हटले तर कोणाला खरे वाटणार नाही. अमेरिकेतील साउथवेस्ट ही विमान कंपनी १९७१ सालापासून विमाने चालवते. तिच्या विमानात प्रवाशाला सीटचा नंबर मिळत नसे. क्रमाने आत जायचे आणि मोकळी दिसेल त्या जागेवर बसायचे. पन्नासहून अधिक वर्षे चाललेली ही पद्धत जानेवारी २०२६ मध्ये बंद झाली. प्रवाशांना आपली जागा आधी ठरलेली हवी असते, असे कारण कंपनीने दिले. पाय पसरायला जादा जागा असलेल्या सीटचे जादा पैसे घेता येतात, हाही हिशोब त्यात होताच. आपल्याकडे २००३ मध्ये सुरू झालेल्या एअर डेक्कननेही स्वस्त तिकिटाबरोबर नंबराविना बसण्याची पद्धत ठेवली होती. आता ती कंपनीही राहिली नाही आणि ती पद्धतही.

आता प्रत्येक सीटला नंबर आहे आणि बहुतेक नंबरांना किंमत आहे. भारत सरकारने २०१३ मध्ये विमान कंपन्यांना अशी मुभा दिली की तिकिटाचा दर वेगळा ठेवावा आणि पसंतीची सीट, खाणे, जादा सामान यांचे पैसे वेगळे घ्यावेत. नियम सांगतो की या गोष्टी ऐच्छिक आहेत. ज्याला हव्यात त्याने घ्याव्यात. परंतु प्रत्यक्षात काय घडते ते मागल्या डिसेंबरात मला जवळून पाहायला मिळाले.

नागपूरला मावशीच्या नातीचे लग्न होते. आई बहात्तर वर्षांची, गुडघ्याचे ऑपरेशन झालेले. रेल्वेने मुंबई-नागपूर म्हणजे रात्रभराचा प्रवास, जवळजवळ चौदा तासांचा. विमानाने दीड तासाचे काम. म्हणून आई, पत्नी, दहा वर्षांचा मुलगा आणि मी अशी चार तिकिटे एकाच पीएनआरवर काढली. तिकीट काढतानाच आईसाठी व्हीलचेअर नोंदवली.

सुटण्याच्या दोन दिवस आधी मोबाईलवर वेब चेक-इन उघडले. पडद्यावर विमानाचा नकाशा आला. आपल्या देशांतर्गत मार्गांवर एअरबस ए-३२० जातीची विमाने पुष्कळ आहेत. आमचेही तेच होते. त्यात मधून एक वाट आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन सीटा. ए आणि एफ म्हणजे खिडकी, सी आणि डी म्हणजे वाटेकडेची, बी आणि ई म्हणजे मधली. अशा तीस-एकतीस रांगा मिळून १८० किंवा १८६ माणसे बसतात. नकाशात जवळपास प्रत्येक चौकोनावर रुपये लिहिलेले होते. चौघांना एका ठिकाणी बसायचे तर सोळाशे रुपये जादा होत होते. मी कारकून माणूस, हिशोब लगेच डोक्यात होतो. सोळाशे म्हणजे आमच्या घरचा आठवड्याचा किराणा. पैसे न भरता पुढे गेलो तर संगणकाने आपणच जागा वाटून दिल्या : आई ८ बी, पत्नी १४ ई, मी २१ बी आणि मुलगा २९ ई. चौघे चार दिशांना आणि चारही सीटा मधल्या. दहा वर्षांचे पोर, पहिल्यांदाच विमानात बसणारे, दोन अनोळखी माणसांच्या मध्ये!

आता यात नियम काय सांगतो ते प्रत्येक आईबापाने पाठ करून ठेवावे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, ज्याला डीजीसीए म्हणतात, त्याने २३ एप्रिल २०२४ रोजी विमान कंपन्यांना स्पष्ट सूचना दिली आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला, त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आई, वडील किंवा पालक यांपैकी निदान एकाच्या शेजारी सीट दिली पाहिजे आणि त्याची नोंदही ठेवली पाहिजे. इथे विनवणीचा प्रश्न नाही, हा नियम आहे.

मी त्या सूचनेची छापील प्रत खिशात ठेवली आणि वेळेच्या अडीच तास आधी सर्वांना घेऊन सहारच्या टर्मिनल दोनवर पोहोचलो. काऊंटरवरील मुलगी नम्र होती. म्हणाली, "सर, सीट सिस्टीमने दिल्या आहेत. विमानात गेल्यावर कोणाला तरी विनंती करा." मी म्हणालो, "मॅडम, मुलगा दहा वर्षांचा आहे आणि आम्ही सर्व एका पीएनआरवर आहोत. बारा वर्षांपर्यंतच्या मुलासाठी डीजीसीएची सूचना आहे. ही पाहा." तिने कागद वाचला, वरिष्ठांना फोन केला आणि पाच मिनिटांत नवे बोर्डिंग पास हातात दिले. मुलगा खिडकीशी २९ एफ, त्याच्या शेजारी त्याची आई २९ ई आणि गुडघ्यामुळे आईला वाटेकडेची २९ डी. मी एकटा २१ बी वरच राहिलो. नियम मुलापुरता होता, आईची सीट त्यांनी माणुसकीने दिली. एक रुपया लागला नाही आणि आवाजही चढवावा लागला नाही. आमच्या मागे दोन लेकरांना घेऊन एक बाई उभी होती. ती सारे ऐकत होती. मी बाजूला झालो तसे तिनेही विचारले, "माझ्या मुलांनापण माझ्याजवळ देणार ना?" तिलाही जागा बदलून मिळाली.

व्हीलचेअरबद्दलही दोन शब्द लिहिणे जरूर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच मुंबई विमानतळावर परदेशातून उतरलेल्या ऐंशी वर्षांच्या एका वृद्धाला व्हीलचेअर मिळाली नाही. पत्नीच्या खुर्चीबरोबर ते पायी चालत गेले, वाटेत कोसळले आणि वारले. डीजीसीएने त्या विमान कंपनीला तीस लाख रुपये दंड केला. म्हणून ज्याला चालवत नाही त्याच्यासाठी खुर्ची तिकीट काढतानाच नोंदवावी, काऊंटरवर पुन्हा आठवण द्यावी आणि ती आल्याशिवाय माणसाला हलवू नये. मागायला लाज कसली?

तपासणी आटोपून आम्ही गेटजवळ बसलो. मुंबई विमानतळावर प्रत्येक विमानाचा पुकारा होत नाही. फलक पाहत राहावे लागते आणि विमान सुटण्याच्या साधारण पंचवीस मिनिटे आधी गेट बंद होते. पोळी-भाजीचा डबा आमच्याबरोबर होता. तो नेता येतो. आई काचेतून विमाने पाहत होती. गेटपाशी लोक रांगेसाठी धडपडू लागले तसे तिने नागपुरी बोलीत विचारले, "काऊन रे बाबू, इथं रुमाल नाही टाकता येत का?" शेजारचे सूट घातलेले गृहस्थही हसले. खरे तर प्रत्येकाची जागा ठरलेली असते, तरीही धावपळ का होते? तिचे कारण सीट नसून वरच्या फळीवरची बॅगेची जागा हे आहे. ती मात्र कोणाच्या नावाची नसते.

व्हीलचेअरवाल्यांना आणि लहान मुले असणाऱ्यांना आधी सोडले. त्यानंतर मागच्या रांगा, मग पुढच्या. ही पद्धत वरकरणी शहाणपणाची वाटते. पण जेसन स्टीफन नावाच्या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने २००८ मध्ये याचे गणित मांडले आणि पुढे प्रयोग करूनही पाहिला. मागचा गठ्ठा आधी सोडला की सर्वजण एकाच ठिकाणी बॅगा चढवत वाट अडवून उभे राहतात. त्यापेक्षा खिडकीवाले आधी आणि तेही एक रांग सोडून एक, असे पाठवले तर काम पुष्कळ लवकर होते. आम्ही त्या वाटेत दहा मिनिटे उभे होतो तेव्हा हे गणित मला पूर्ण पटले.

माझ्या सीटकडे जाताना १३ नंबरची रांग लागली. लुफ्थान्सा या जर्मन कंपनीच्या विमानात १३ आणि १७ या रांगाच नसतात, कारण काही देशांत हे आकडे अशुभ मानतात. माणूस आकाशात उडू लागला, पण आकड्याचे भय खालून बरोबर घेऊन गेला! आमच्या विमानातल्या १३ नंबरच्या रांगेत तिघेजण खुशाल झोपले होते.

पंखांजवळच्या संकटकालीन दारांच्या रांगेत पायाला जागा अधिक असते, पण तिथे मुले, गरोदर स्त्रिया किंवा मदतीची गरज असलेली माणसे यांना बसवत नाहीत. यात अपमान नाही. विमानाला परवाना मिळण्यापूर्वी निम्मी दारे बंद ठेवून नव्वद सेकंदांत सर्व प्रवासी बाहेर काढता येतात हे सिद्ध करावे लागते. त्या दाराशी बसणाऱ्याला सूचना समजून दार उघडता आले पाहिजे. तसेच विमानाचा तोल साधलेला असतो, म्हणून मागची जागा रिकामी दिसली तरी कर्मचाऱ्यांना विचारल्याशिवाय उठून जाऊ नये. कुठला नियम सुरक्षेचा आणि कुठला पैशाचा, हे ओळखता आले पाहिजे. पहिला मुकाट्याने पाळावा, दुसऱ्याबद्दल प्रश्न विचारावा.

नागपूर जवळ आले तशी आई नातवाला आपल्या लहानपणची गोष्ट सांगू लागली. मध्यरात्री डोक्यावरून विमाने जात आणि घरातली म्हातारी माणसे म्हणत, टपाल आले. ती गोष्ट खरी आहे. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल योजनेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हे चालले. देशाच्या मधोमध असल्याचा मान नागपूरला असा मिळाला होता. तेव्हा सोनेगावचे ते मैदान आईने फक्त दुरून पाहिले होते. आता ती तिथे विमानातून उतरली. २००५ पासून त्या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव आहे. बाहेर येताच तिने खुर्ची थांबवायला सांगितली आणि नातवाकडून ते नाव मोठ्याने वाचून घेतले.

प्रवासातली जागा हा नुसता सोयीचा प्रश्न कधीच नव्हता. १९५४ साली एला फिट्झजेराल्ड या विख्यात कृष्णवर्णीय गायिकेला ऑस्ट्रेलियाला जाताना होनोलुलू येथे, पहिल्या वर्गाचे तिकीट असूनही, विमानात पुन्हा चढू दिले नाही. आत राहिलेले कपडेही घेऊ दिले नाहीत. तिने पॅन अमेरिकन या बलाढ्य कंपनीवर वर्णभेदाचा दावा लावला आणि कंपनीला तडजोड करून भरपाई द्यावी लागली. आज विमानाचे तिकीट जात विचारत नाही, रंग विचारत नाही, ही मोठीच गोष्ट आहे. पण पैसे मात्र पावलोपावली विचारते. ज्याला नियम माहीत नाही त्याच्याकडून ते आधी जातात.

म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, एवढे लक्षात ठेवा. कुटुंबाची तिकिटे एकाच पीएनआरवर काढा. मूल बारा वर्षांपर्यंतचे असेल तर शेजारच्या सीटसाठी घाबरून पैसे भरू नका, काऊंटरवर लवकर जाऊन नियम सांगा. म्हाताऱ्या माणसासाठी तसा नियम नाही, पण विचारायला बंदीही नाही. पक्के तिकीट असून आणि वेळेवर हजर राहूनही विमान भरले म्हणून तुम्हाला ठेवून गेले आणि तासाभरात दुसरी सोय केली नाही, तर भरपाई मिळते. चोवीस तासांच्या आत दुसरे विमान दिल्यास एकेरी मूळ भाडे व इंधन आकार यांच्या दुप्पट, कमाल दहा हजार रुपये. त्याहून उशीर झाल्यास चौपट, कमाल वीस हजार. कंपनी ऐकत नसेल तर केंद्र सरकारच्या 'एअर सेवा'वर तक्रार नोंदवता येते.

काऊंटरपलीकडची मुलगीही आपल्यासारखीच पगारावर काम करणारी असते. तिच्याशी भांडू नये आणि तिच्यापुढे दबूनही राहू नये. कागद पुढे करावा, सरळ आवाजात बोलावे. आपल्या लेकराला खिडकीची सीट मिळाली तर चांगलेच. पण आपली आई किंवा आपला बाप असे बोलू शकतो, हे त्याने पाहिले तर ते खिडकीपेक्षा जास्त काळ त्याच्याबरोबर राहील.