मुक्कामाची गावं

अकोल्याहून निघालेली एसटी पातूरचा घाट चढते, मेडशी आणि मालेगावला थांबते आणि साधारण ऐंशी किलोमीटरवर वाशीमच्या स्टँडात शिरते. घाट संपल्यावर लागणारं पठार दिसायला साधं आहे: सोयाबीन, तूर, मधूनच काळ्या दगडाचा माळ. पण पाण्याच्या दृष्टीनं हा जलविभाजक आहे. इथल्या काटा गावाजवळ उगवणारी काटेपूर्णा उत्तरेला पूर्णेकडे जाते आणि तापीतून अरबी समुद्राला मिळते. अडाण आणि अरुणावती दुसऱ्या अंगानं पैनगंगेकडे वळतात आणि त्यांचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात पोचतं. मोठी नदी मात्र वाशीम शहराला नाही. शहरं नदीकाठी जन्मतात, हे शाळेत शिकलेलं सूत्र इथं पहिल्याच पायरीवर अडखळतं. तरीही चौथ्या शतकात वाकाटकांच्या एका शाखेनं राजधानीसाठी हेच ठिकाण निवडलं. तेव्हा त्याचं नाव वत्सगुल्म.

शहर कशानं वाढतं याचं उत्तर मुक्कामात शोधावं, असं हा जिल्हा पाहताना वाटतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात दख्खनची अंतरं दिवसांत मोजली आहेत: भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. बैलाच्या पाठीवर माल असला की दिवस मावळताना थांबणं आलंच. थांबायचं म्हणजे पाणी हवं, वैरण हवी, राखण हवी आणि तुटलेलं खोगीर शिवून देणारा माणूस हवा. शे-दीडशे वर्षं तळ त्याच जागी पडत राहिला की तिथे पेठ बसते, पेठेला वेस लागते आणि वेशीवर जकात घ्यायला कुणीतरी राजा हजर होतो. वाटांचं महत्त्व वाशीमच्या ताम्रपटातही दिसतं; तो १९३९ साली सापडला. वाकाटक राजा दुसऱ्या विंध्यशक्तीनं आपल्या कारकिर्दीच्या ३७ व्या साली तो वत्सगुल्महून दिला. दान दिलेलं गाव कुठलं, तर नांदीकटाच्या, म्हणजे नांदेडच्या, उत्तरेकडच्या 'मार्गा'तलं. प्रशासनाच्या एका विभागालाच हे लोक मार्ग म्हणत होते. संस्कृतात गुल्म म्हणजे झुडूप, आणि सैन्याची चौकीसुद्धा. गावाच्या नावामागची वत्स ऋषींची पुराणकथा अर्थातच झुडपाकडे झुकते. चौकीचा अर्थ खरा निघाला तर मला नवल वाटणार नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. वत्सगुल्म ही राजाची वस्ती असेल, पण तिला शहर का म्हणावं? इतिहासकार रामशरण शर्मांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात असं मांडलं की गुप्तकाळात आणि त्यानंतर भारतातली नगरं ओसरत गेली. वाकाटकांची दानपत्रंही बहुतेक शेतजमिनींची आणि खेड्यांचीच आहेत. हे मान्य करायला हवं. पण कामसूत्रात वत्सगुल्माचा उल्लेख येतो, आणि पुढे दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखर 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्येचं लग्न लावतो ते विदर्भातल्या वत्सगुल्मातच. वाकाटकांच्या याच शाखेतल्या हरिषेण राजाच्या काळात, त्याचा मंत्री वराहदेव अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतो. एवढा पैसा आणि एवढी रसिकता नुसत्या शेतसाऱ्यावर पोसली गेली, असं म्हणणाऱ्यानं तो हिशेब मांडून दाखवावा. आजच्या वाशीममध्ये त्या राजधानीच्या खुणा शोधणाऱ्याच्या हाती फार लागत नाही. पद्मतीर्थाचा तलाव आहे. भोसल्यांच्या काळात भवानी काळूनं बांधलेलं बालाजीचं मंदिर आहे, तेही चौदाशे वर्षांनी आलेलं. राजा गेला, वाट दुसरीकडे वळली आणि गाव तेवढं उरलं.

वाट कुठे वळली हे कारंज्यात दिसतं. मंगरूळपीरमार्गे कारंजा लाडला येणाऱ्याला जुन्या गावाच्या वेशी भेटतात: दिल्ली वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस, दारव्हा वेस. देवाचं किंवा राजाचं नाव एकाही वेशीला नाही. इथून रस्ता कुठे जातो, एवढंच त्या सांगतात. दिल्ली आणि दारव्हा एकाच कोटात शेजारी बसवणाऱ्या गावाला आपलं स्थान बरोबर कळलेलं होतं. कस्तुरी विकत घेऊन ती थेट चुन्यात कालवणाऱ्या सावकाराच्या हवेलीची दंतकथा इथलीच. तिचा खरेखोटेपणा सोडा. अशी कथा गरीब गावात जन्मत नाही. १६७० साली शिवाजी महाराजांच्या फौजेनं सुरतेनंतर त्याच वर्षाच्या अखेरीस कारंजा लुटलं, आणि फौज रिकाम्या गावावर एवढी दौड करत नसते. जैन भट्टारकांची पीठं इथं नांदली आणि त्यांच्या भांडारांत हस्तलिखितं साठत गेली. १९३१ पासून निघालेल्या 'कारंजा जैन ग्रंथमाले'तून अपभ्रंश भाषेतले ग्रंथ जगापुढे आले, ते या भांडारांच्या बळावर. कापसाच्या आणि धान्याच्या मुक्कामातून ग्रंथालय उगवलं, ही गोष्ट मला हवेलीहून मोठी वाटते.

मग आगगाडी आली. मुंबई–नागपूर लोहमार्ग १८६७ साली पूर्ण झाला तो घाटाखालून, अकोला–मूर्तिजापूर–बडनेरा असा. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि इंग्रजांना तो मुंबई बंदरात हवा होता. बैलांचे तांडे हाकणारे बंजारे एका पिढीत बेकार झाले. मानोरा तालुक्यातली पोहरादेवी आज त्यांची काशी आहे, पण ज्या वाटांवर त्यांची पोटं भरत होती त्या मोडल्या. इथं कुणी म्हणेल की रुळांनी वगळलं म्हणून वाशीम मागे पडलं, यात मुक्कामाचा काय संबंध? पण रूळ पुढे वाशीमलाही आले, आणि कारंज्याला तर अरुंद रुळांची 'शकुंतला' मिळाली. तरी गावं फुगली नाहीत. शकुंतला इथला कापूस उचलून मूर्तिजापूरला नेत होती. मालाची अदलाबदल तिथे, दलाल तिथे, हमाल तिथे. गाडी गावात आली तरी मुक्काम जंक्शनवर गेला. २०११ च्या जनगणनेत अकोला सव्वाचार लाखांचं आणि वाशीम ७८ हजारांचं, त्यामागे मला हेच कारण दिसतं.

मुक्काम सरकारलाही निर्माण करता येतो. इंग्रजी अमलात वाशीम जिल्हा होता; १९०५ मध्ये तो मोडून अकोला आणि यवतमाळात वाटला गेला. १ जुलै १९९८ ला तो पुन्हा जन्मला. सरकारी कागद, कोर्टाची तारीख यांसाठी रिसोड-मानोऱ्याचा माणूस वाशीमला येऊ लागला आणि त्याच्याबरोबर झेरॉक्सची दुकानं, खानावळी, वकिलांच्या पाट्या आल्या. यालाही बाजारपेठच म्हणायला हवं. फरक एवढाच, की इथला माल कागदाचा. तरी २०११ मध्ये जिल्ह्याच्या १०० माणसांतली जेमतेम १८ शहरात राहत होती, राज्यात मात्र ४५.

डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्ग याच पठारावरून धावतो. आता शेतकऱ्याचा माल लवकर पोचेल, जुन्या मुक्कामांचं रडगाणं कशाला, हा आक्षेप रास्त आहे. माल लवकर पोचतो हे शेतकऱ्याच्या भल्याचंच आहे. पण शेतकऱ्याचं भलं आणि शहराची वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा रस्ता कुंपणातला आहे. ठरलेल्या इंटरचेंजशिवाय त्यावर चढता किंवा उतरता येत नाही. म्हणूनच त्याच्या आखणीत इंटरचेंजजवळ नवनगरं वसवायचं कागदावर आलं. जिथं वाहन आपणहून थांबत नाही तिथं थांबा आखून द्यावा लागतो. शेलूबाजार हे अशा एका चढ-उताराच्या जवळचं गाव, आणि त्याच्या नावातच बाजार आहे. तो बाजार बसवायला कुणी आराखडा काढला नव्हता. वरून नागपूर–शिर्डीची वाहनं सुसाट जातात. खाली जुन्या रस्त्यावर मालेगाव-कारंज्याच्या एसट्या थांबतात, आणि चहाची टपरी त्या खालच्या रस्त्यावर आहे.