उबीन बेटावरील पियानो

गेल्या वर्षी शाळेच्या दिवाळी सुटीत भाच्याकडे सिंगापूरला जाण्याचा योग आला. तेथील उंच इमारती, बागा आणि स्वच्छता यांविषयी आपल्या वाचकांनी पुष्कळ वाचले असेल. त्याची पुनरुक्ती मी करीत नाही. मला सांगावयाचे आहे ते एका जुन्या पियानोविषयी आणि त्या निमित्ताने, गेली पस्तीस वर्षे मनात राहिलेल्या एका सलाविषयी.

सिंगापूरच्या ईशान्येस पुलाउ उबीन हे सुमारे दहा चौरस किलोमीटरचे बेट आहे. चांगी पॉइंटच्या धक्क्यावर बारा उतारू जमले की लाकडी होडी सुटते. एके काळी येथे ग्रॅनाइटच्या मोठ्या खाणी होत्या; १८५१ साली प्रथम उजळलेल्या हॉर्सबर्ग दीपगृहाचा दगड याच बेटावरून गेला. शेवटची खाण १९९९ साली बंद झाली. आज तेथे मोजकीच माणसे राहतात. पत्र्याच्या छपरांची लाकडी घरे आणि नारळीची झाडे पाहून मला आमच्या अलिबागकडील वाड्यांची आठवण झाली. शहराची वीज बेटावर पोचलेली नाही. २०१३ साली धक्क्याजवळच्या भागासाठी सौरऊर्जेचा उपयोग करणारे छोटे वीजजाळे उभारले गेले. आतल्या घरांना मात्र डिझेलच्या जनित्राचाच आधार.

भाच्याच्या कचेरीतील एका सहकाऱ्याची मावशी अशाच घरात एकटी राहते. तिचे यजमान खाणीत कामाला होते. संध्याकाळी जनित्र सुरू झाले की ते आपला विजेचा पियानो वाजवीत. ते निवर्तल्यावर पियानोही मुका झाला. एका कारागिराने ‘अ‍ॅम्प्लिफायर गेला, सुटे भाग मिळत नाहीत’ असा निर्वाळा दिला होता आणि येत्या सोमवारी ते वाद्य भंगारात जावयाचे होते. ‘आमचे मामा पेट्या दुरुस्त करतात,’ असे भाच्याने सांगून टाकले, आणि माझ्या पोटात गोळा आला.

त्याचे कारण सांगतो. माझे वडील कीर्तनाला पेटीची साथ करीत. मी विशीत असताना त्या पेटीचा एक सूर उतरला. पितळी सुराचे टोक खरवडले की तो चढतो आणि मुळाशी खरवडले की उतरतो, एवढे मी ऐकून होतो. वडील परगावी गेलेले पाहून मी पेटी उघडली. सूर चढला तो जास्तच चढला. म्हणून मुळाशी खरवडले, मग पुन्हा टोकाशी. शेवटी तो तुटून हातात आला. वडील परतले, त्यांनी पाहिले, पण एका शब्दानेही मला दुखावले नाही. पुढच्या कीर्तनात ते ती पट्टी टाळून वाजवीत राहिले. मी पुढे ते काम रीतसर शिकलो, दुसऱ्यांच्या पेट्या दुरुस्त केल्या. मात्र पालिताण्याहून नवा सूर मागवून वडिलांच्या पेटीत बसवीन, बसवीन म्हणता वडीलच गेले. त्यानंतर ती पेटी मी उघडली नाही.

मावशींचा पियानो वुर्लिट्झर कंपनीचा, १९७४ साली निघालेल्या नमुन्याचा, चौसष्ट पट्ट्यांचा होता. याची रचना मोठी रंजक आहे. यात तारा नाहीत. पट्टी दाबली की लहानसा हातोडा पोलादी सुरावर आपटतो. सुराजवळ धातूची एक पट्टिका असते व तिच्यावर सुमारे दीडशे व्होल्टचा दाब ठेवलेला असतो. सुराच्या कंपनाने दोहोंतील विद्युतधारिता बदलते आणि त्या बदलाचाच अ‍ॅम्प्लिफायर आवाज करतो. सुराच्या टोकाशी कथिलाच्या डाखाचा एक गोळा असतो. तो घासून कमी केला की सूर चढतो, भर घातली की उतरतो. पेटीचीच ही दूरची बहीण!

शिक्षणशास्त्राच्या वर्गात आम्हांला नैदानिक चाचणी शिकवीत. मूल नापास झाले म्हणजे ‘ढ’ म्हणून मोकळे होऊ नये. ते कोणत्या पायरीवर अडले ते शोधावे. तोच मार्ग मी धरला. जनित्राचा आणि ट्रान्सफॉर्मरचा दाब मोजला; ठीक होता. आवाजाची खुंटी फिरवली की कर्ण्यातील सरसर कमीजास्त होई. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर जिवंत होता. पट्टी दाबून लाकडाला कान लावला, तर सूरही बारीक बोलत होते. तेव्हा दोष मधल्या पायरीवर, त्या पट्टिकेपाशीच असणार.

प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. म्हणून तो रिता करून, मीटर शून्य दाखवीपर्यंत आत हात घातला नाही. मग पट्टिका आणि सांगाडा यांच्यामध्ये मीटर लावला. तेथे वीज मुळीच वाहता कामा नये, ती सरळ वाहत होती. कुठला तरी एकच सूर पट्टिकेला चिकटला होता आणि त्याच्यापायी त्रेसष्ट निर्दोष सूर गप्प बसले होते.

कागदाची बारीक पट्टी एकेका सुराच्या कडेने सरकवीत गेलो. एक्केचाळिसाव्याशी ती अडली. पूर्वी कोणी सूर जुळविताना डाख घासला असावा. त्याचा खसखशीएवढा कण तेथे अडकला होता. कागदाने तो अलगद बाहेर आला. जनित्र पुन्हा सुरू केले आणि सगळी सप्तके बोलू लागली.

तो एक्केचाळिसावा सूर किंचित उतरलेला होता. कानस पिशवीत होती. मी ती हातात घेतली आणि परत ठेवली. मावशींनी त्याच पट्टीवर बोट ठेवले, पुनःपुन्हा दाबली, आणि आपल्या भाषेत भाच्याला काही सांगितले. ‘बरोबर असाच वाजत असे, असे म्हणते,’ त्याने इंग्रजीत उलगडा केला. पियानो सोमवारी भंगारात गेला नाही.

परत आल्यावर मी पहिले काम कोणते केले, हे वाचकांनी ओळखले असेलच. सूर बसला; ऐकावयास वडील नाहीत. आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर वडिलार्जित पेट्या धूळ खात असतील. त्यांतला दोष बहुधा एखाद्या कणाएवढाच असतो. त्या एकदा खाली काढून पाहाव्यात, आणि शक्यतो, ज्यांनी त्या ऐकावयाच्या ती माणसे घरात आहेत तोवर.