वळणापलीकडचे दर्शन

ठाणे आणि डोंबिवली ह्यांच्या दरम्यान, खाडीच्या काठाशी पारसिकचा डोंगर उभा आहे. मुंब्र्याजवळ लोहमार्ग ह्या डोंगराच्या पायथ्याने वळत जातो. आजोबांचे बोट धरून फलाटावर उभे असलेले मूल टाचा उंचावून वळणाकडे पाहते. गाडीचा भोंगा त्याच्या कानी पडतो. गाडी मात्र दिसत नाही. "आवाज वळणावरून येतो, मग गाडी का दिसत नाही?" असे त्याने विचारले, तर बहुतेक थोर माणसे 'प्रकाश सरळ रेषेत जातो' एवढे सांगून गप्प बसतील.

उत्तर खरे आहे. पण ते पुरे आहे काय? प्रकाश सरळ जातो, तसाच भिंतीवर आदळून तो परतही फिरतो. मग परतलेल्या प्रकाशाकडून आडोशामागची वार्ता काढून घेता येणार नाही काय? हा प्रश्न ज्यांनी मनावर घेतला, त्यांत रमेश रासकर ह्या मराठी प्राध्यापकांचे नाव अग्रभागी आहे.

रासकर मूळचे नाशिकचे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते अमेरिकेस गेले. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने 2002 साली त्यांना डॉक्टरेट दिली. काही वर्षे एका संशोधनशाळेत काम केल्यावर 2008 साली ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या विख्यात संस्थेत अध्यापक झाले. डोळ्यांना जे दिसत नाही ते कॅमेऱ्याला कसे दिसेल, हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय ठरला.

डोंगरासमोर उभे राहून आरोळी दिली, तर प्रतिध्वनी येतो. तो किती वेळाने आला हे मोजले, म्हणजे डोंगर किती दूर आहे ते कळते. रासकरांना हाच हिशेब प्रकाशाच्या बाबतीत करावयाचा होता. अडचण होती ती प्रकाशाच्या वेगाची. ठाण्याहून कल्याण सुमारे 20 किलोमीटर. प्रकाश हे अंतर एका सेकंदात जाऊन-येऊन सात हजार वेळा कापील! अशा चपळ पाहुण्याच्या येण्याजाण्याची वेळ टिपणारे घड्याळ कोठून आणावे?

आंद्रेआस वेल्टेन आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक मौंजी बावेंडी ह्यांच्या सहकार्याने हे काम सुरू झाले. 2011 साली त्यांनी जगाला एक अद्भुत चित्रफीत दाखविली. लेसरच्या प्रकाशाचा एक इवलासा ठिपका पाण्याने भरलेल्या बाटलीतून बुडापासून टोकापर्यंत सावकाश सरकताना तीत दिसतो. सेकंदाला 1 लाख कोटी चित्रे, असा त्या कॅमेऱ्याचा वेग होता. एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत प्रकाशासारखा प्रकाशही एक मिलिमीटर पुढे जाऊ शकत नव्हता.

परंतु ह्या यशाच्या पोटात मोठी चिकाटी दडलेली होती. त्या कॅमेऱ्याला एका वेळी दृश्याची केवळ एक बारीक ओळ दिसे. म्हणून तोच प्रयोग पुनःपुन्हा करावयाचा, दर खेपेस आरसा किंचित वळवून पुढची ओळ टिपावयाची, आणि मग संगणकाने साऱ्या ओळी जुळवावयाच्या. प्रकाशाने सेकंदाच्या अब्जाव्या भागात केलेला प्रवास टिपण्यास माणसांना सुमारे एक तास लागला! जगातील सर्वांत चपळ वस्तू पकडली गेली ती घाईने नव्हे, तर संथपणाने.

पुढे 2012 साली मूळ प्रश्नाचे उत्तर प्रसिद्ध झाले. आडोशामागे एक लहानशी मानवाकृती ठेवली होती. समोरच्या भिंतीवर लेसरचा प्रकाश सोडला. तो विखुरला, त्यातील थोडासा आकृतीवर पडून भिंतीकडे परतला. भिंतीकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्याने त्याच्या येण्याच्या वेळा टिपल्या आणि संगणकाने त्यांवरून आकृतीचा आकार रेखाटला. आगीत सापडलेल्या घरात पाऊल टाकण्यापूर्वीच आत कोणी अडकले आहे का, हे उद्या अशा विद्येने कळू शकेल. 2016 साली तर, कागदांमधील हवेच्या अतिसूक्ष्म फटींचा उपयोग करून, न उघडलेल्या चळतीतील वरच्या नऊ पानांवरची अक्षरे त्यांच्या चमूने ओळखली.

एवढी सूक्ष्म विद्या हाती असूनही रासकरांची दृष्टी साध्या गरजेवरून ढळली नाही. वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या एखाद्या मुलाला फळ्यावरचे दिसत नाही; गावात डोळे तपासणारा नसतो; आणि ते मूल 'ढ' ठरते. मोबाइलच्या पडद्यावर एक लहानसे भिंग बसवून चष्म्याचा नंबर काढण्याची युक्ती त्यांनी विद्यार्थ्यांसह 2010 साली मांडली. तिचे नाव 'नेत्र'. 2015 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने, यात्रेकरूंच्या अडचणींवर उपाय शोधण्यासाठी त्यांनी आपल्याच नाशिकमध्ये तरुणांना एकत्र आणले. 2016 साली त्यांना 5 लाख डॉलरचा लेमेल्सन-एमआयटी पुरस्कार लाभला.

मुंब्र्याच्या फलाटावरील मुलाला आजही वळणापलीकडची गाडी दिसणार नाही. पण त्याने विचारलेला प्रश्न वेडगळ नव्हता. अशा प्रश्नाला कोणी हसून गप्प केले नाही, आणि विचारणाऱ्याने तो स्वतःच सोडून दिला नाही, तर कधी काळी त्याचे उत्तर सापडते.