चेहरा आधी, नाव मागाहून

अभिनयाविषयी आपल्याकडे परकायाप्रवेशाची जी कल्पना पूर्वापार रूढ आहे, तीत नट भूमिकेत जितका लुप्त होईल तितका तो थोर, असे गृहीत धरलेले असते. आणि नायक-प्रतिनायकांच्या बाबतीत ते मान्य करण्यास माझी हरकत नाही. परंतु दोन-चार प्रसंगांपुरते येऊन जाणाऱ्या चरित्र-अभिनेत्याला हाच निकष लावला, तर त्याच्या सामर्थ्याचे मर्मच हातून निसटते, असे अच्युत पोतदारांना वर्षानुवर्षे निरनिराळ्या मालिकांतून पाहताना मला वाटत आले आहे.

मोर्णेच्या पश्चिम तीरावरील आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरात, जिथे असदगडाचे बुरूज आणि राजराजेश्वराचे देऊळ यांच्या आधाराने जुनी वस्ती नांदली आणि सरकारी कचेऱ्या मात्र नदीपलीकडे ताजनापेठेच्या बाजूस गेल्या, तिथे माणसे पुष्कळदा हुद्द्याने ओळखली जात. नाझर, शिरस्तेदार, पेशकार, फौजदार: यांच्या नावांची चौकशी कोणी करीत नसे, पण त्यांची चाल, पगडी किंवा टोपी, खाकरण्याची ढब मुलाबाळांनाही पाठ असे. त्यामुळे दूरदर्शन घरात आले तेव्हा नायकाच्या आगमनाने जी खळबळ होई ती निराळी, आणि पडद्याच्या कडेला एखादा परिचित चेहरा दिसताच ओसरीवरून जो शांत उद्गार निघे तो निराळा. शेजारच्या वयोवृद्ध काकू सुनेला सांगत, “अवं पाय, हा तं थो मास्तर व्हय. आपल्या ओयखीचाच मानूस हाय थो.” नाव त्यांना ठाऊक नव्हते, आणि त्या ओळखीला नावावाचून काही उणेही पडत नव्हते.

या चेहऱ्यामागे वास्तविक किती आयुष्ये होती! पोतदारांचा जन्म 1934 साली जबलपूरचा. रीव्याला काही काळ अध्यापन, मग सैन्यात नोकरी, 1967 साली कॅप्टनच्या हुद्द्यावरून निवृत्ती, नंतर 25 वर्षे इंडियन ऑइलची चाकरी. चित्रपटसृष्टीत पाऊल पडले ते वयाच्या 44व्या वर्षी. ‘आक्रोश’, ‘अर्धसत्य’, ‘परिंदा’, ‘रंगीला’ असे चित्रपट आणि ‘भारत एक खोज’, ‘वागले की दुनिया’ यांसारख्या मालिका त्यांनी केल्या, त्यांतल्या पुष्कळशा नोकरीचा व्याप सांभाळून. ज्याने वर्गात मुलांसमोर उभे राहून शिकवले आहे, हुकूम घेतले आणि दिले आहेत, दफ्तरातल्या मिसली चाळल्या आहेत, त्याला पडद्यावर अधिकारी किंवा प्राध्यापक दिसण्यासाठी मुद्दाम काही करावे लागत नाही, असा माझा तर्क आहे.

‘थ्री इडियट्स’मधला त्यांचा प्रसंग जेमतेम काही मिनिटांचा. यंत्राची व्याख्या विचारणारा प्राध्यापक, पुस्तकी शब्दांवर त्याची निष्ठा, आणि वर्गाबाहेर काढलेला विद्यार्थी परत येऊन ‘पुस्तक’ ही साधी वस्तू अगडबंब व्याख्येत गुंडाळून सांगू लागतो, तेव्हा त्या प्राध्यापकाच्या मुद्रेवर उमटणारी निर्व्याज गोंधळलेली चीड. पोतदार तिथे हसवण्याचा यत्किंचितही प्रयत्न करीत नाहीत. ते खरोखरच बुचकळ्यात पडलेले आहेत, म्हणून आपण हसतो. हा माणूस कोण, कुठला, हे चित्रपट सांगत नाही. त्याला तेवढी सवडच नाही. ते आपण पुरवतो, कारण त्याला पूर्वी अनेक घरांत, कचेऱ्यांत, ठाण्यांत पाहिलेले असते. छोट्या भूमिकेला पूर्वपीठिका नसते. ती नटाच्या आधीच्या भूमिकांच्या ठेवीतून येते. अशा वेळी ओळख लागणे हे वेषांतरातले वैगुण्य कसे म्हणावे? तेच तर त्या नटाचे भांडवल.

श्याम बेनेगलांच्या 53 भागांच्या ‘भारत एक खोज’मध्ये हे निराळ्या प्रकाराने दिसले. तिथे ओम पुरी दुर्योधन झाले, अशोक झाले, औरंगजेबही झाले. मुकुट बदलला तरी तोच खडबडीत चेहरा शतके ओलांडून येताना पाहून, सत्तेच्या मोहाला आणि पश्चात्तापाला काळाचे बंधन नाही, ही गोष्ट मालिकेने एक अक्षर न उच्चारता पटवली. अनोळखी नटांकडून ते साधले नसते.

‘माझा होशील ना’ 2020 साली सुरू झाली, तेव्हा पोतदार पंच्याऐंशी वर्षांचे होते. त्यातल्या पुरुषांच्याच घरातले वडीलधारे आप्पा त्यांनी केले, आणि ज्या पिढीने त्यांना पूर्वी कधी नीट पाहिले नव्हते तिच्याही घरात ते रोज संध्याकाळी येऊन बसू लागले. तोवर त्यांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या आल्या होत्या. दूरदर्शनच्या काळापासून त्यांना पाहत आलेल्या आम्हा प्रेक्षकांच्याही आल्या होत्या. नायक आपल्यासमवेत म्हातारा होत नाही, त्याच्या जागी दुसरा येतो. चरित्र-अभिनेता मात्र आपल्या वयाची साक्ष देत राहतो, आणि याबद्दल मला त्या माणसांविषयी फार कृतज्ञता वाटते.

18 ऑगस्ट 2025 रोजी ठाण्यात पोतदार निवर्तले. वर्तमानपत्रांत छायाचित्र आणि नाव एकत्र छापून आले, तेव्हा आमच्या गल्लीत कितीतरी जणांनी ते नाव प्रथमच वाचले असेल. हे प्रेक्षकांचे औदासीन्य म्हणवत नाही. मालिका संपताच श्रेयनामावली कोपऱ्यात आकसून डोळ्यांना न झेपणाऱ्या वेगाने सरकवण्याची जी रीत वाहिन्यांनी पाडली आहे, तिचे ते फळ आहे. आप्पांसारख्या भूमिका आजही कोणीतरी करीतच आहे. त्यांची नावे, चष्मा लावून बसलेल्या म्हातारीला सावकाश वाचता येतील एवढा वेळ, पूर्ण पडद्यावर दाखवावीत.