हाताला सापडणारी कळ

कला शाखेच्या विद्यार्थिनीने विमानाविषयी लिहावे, हा कुणाला आगाऊपणा वाटेल. पण विमान म्हटले की डोळ्यांपुढे जे भव्य चित्र उभे राहते, त्याविषयी मला काही सांगायचे नाही. मला सांगायचे आहे ते विमान चालवणाऱ्याच्या हातापायाला लागणाऱ्या चार-सहा दांड्या आणि कळांविषयी. त्याही कारखान्यात बसवलेल्या नव्हेत. कुणी हौशी माणसाने सुट्टीच्या दिवशी घरच्या गॅरेजमध्ये बसून स्वतः बसवलेल्या.

अमेरिकेत अशी घरी बांधलेली लहान विमाने हजारोंनी आहेत. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः, हौसेखातर किंवा शिकण्यासाठी केलेले असले पाहिजे, असा तिथला नियम आहे. आत शिरण्याच्या जागी ‘प्रायोगिक’ हा शब्द ठळक अक्षरांत लिहावा लागतो. आपल्याकडेही कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत, कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली. ती बातमी आली, तेव्हा आमच्या आबांनी तिचे कात्रण दुकानाच्या फळीवर खळीने चिकटवले होते.

आबांचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. संध्याकाळी मी दुकानात बसते. पुस्तक मांडीवर असते आणि ‘तेरा नंबरचा पाना दे’ अशी हाक आली की ते बाजूला ठेवावे लागते. त्या कात्रणामुळे मी विमानांविषयी मिळेल ते वाचू लागले आणि गंमत अशी की, त्या वाचनात मला जागोजागी आमचे दुकानच भेटू लागले.

वैमानिकाच्या पुढ्यातली दांडी डावी-उजवीकडे झुकवली की पंखांच्या कडेचे एलेरॉन हलतात. पुढेमागे केली की शेपटीचे एलिव्हेटर हलते. पायांखालच्या पेडलने सुकाणू फिरते. कित्येक लहान विमानांत हे सारे पोलादी तारेच्या दोरावर चालते. दोराची जाडी सुमारे तीन मिलिमीटर. त्यात सात पेड, प्रत्येक पेडात एकोणीस बारीक तारा, म्हणजे एकूण १३३. हा दोर कप्प्यांवरून वळत शेपटीपर्यंत जातो. जोडणीच्या नटात आरपार पिन घालून तिची टोके दुमडतात. दोराचा ताण कमीजास्त करणारा स्क्रू आपोआप सुटू नये म्हणून तो बारीक तारेने बांधून टाकतात. बैलगाडीच्या आसाच्या टोकाला जी खीळ असते, तिचीच ही विलायती बहीण! खीळ दोन पैशांची, पण तिच्यावाचून चाक निघून जाते.

मात्र मला सर्वांत अधिक विचार करायला लावला तो वेगळ्याच गोष्टीने. जॉन डेन्व्हर हा अमेरिकेचा लोकप्रिय गायक १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ विमान समुद्रात कोसळून मरण पावला. बर्ट रुटन यांच्या आराखड्यावरून घरी बांधलेले ते ‘लाँग-ईझी’ विमान त्याने नुकतेच विकत घेतले होते. डाव्या-उजव्या टाकीतले इंधन बदलण्याची कळ मूळ आराखड्यात वैमानिकाच्या दोन पायांमध्ये होती. बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागे नेली. का, तर इंधनाची नळी बसण्याच्या जागेत नको म्हणून. हेतू सुरक्षिततेचाच! पण ती कळ फिरवायची तर दांडीवरचा उजवा हात सोडून अंग मागे वळवावे लागे, आणि तसे वळताना उजवा पाय पेडलवर दाबला जाई. कोणत्या बाजूला कोणती टाकी, याची खूणही कळीवर नव्हती. चौकशीत निष्कर्ष निघाला तो असा : ती कळ फिरवण्याच्या खटपटीत वैमानिकाचे लक्ष विचलित झाले आणि नकळत पेडल दाबले गेले. विमान पुरेशा तयारीने न उडवण्याचा दोष चौकशीने त्याच्याही पदरात टाकला. पण कळीच्या जागेचा उल्लेख त्यात स्पष्ट आहे.

बांधणारा माणूस निष्काळजी नव्हता. त्याने विचार केला, पण तो नळीचा केला. तिथे पुढे कुणाचा हात येणार आहे, तो पट्टा बांधून बसलेला असेल, घाईत असेल, हा विचार राहून गेला.

उलट आबांचे पाहा. वस्तीवरून शाळेला येणारी एखादी पाचवी-सहावीतली मुलगी ब्रेक बदलायला आली की ते आधी तिला सीटवर बसवतात. ‘हात दाखव बघू बाळ, बोटं पोचतात का?’ असे म्हणून ब्रेकची दांडी मुठीच्या जवळ आणतात. आमच्या गावाबाहेर मोठा उतार आहे. मी एकदा म्हटले, ‘आबा, तार तर घट्ट बसली आहे, आता आणखी काय?’ ते म्हणाले, ‘तार माझ्या हातानं घट्ट आहे, पोरी. उतारावर हात तिचा असणार.’

मानसशास्त्राच्या तासाला दुसऱ्या महायुद्धातली हकीकत आली, तेव्हा हे वाक्य मला पुन्हा आठवले. बी-१७ विमानांत चाकांची आणि पंखांच्या पडद्यांची बटणे शेजारी-शेजारी आणि सारखीच होती. थकलेले वैमानिक जमिनीवर उतरल्यावर भलतेच बटण दाबून चाके आत घेत. अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने सुचवले की, एकाला चाकाचा आकार द्या, दुसऱ्याला पडद्याचा. अंधारातही हाताला ओळख पटू लागली. पुस्तकात याला शास्त्र म्हटले आहे. आबांच्या करण्याला कुणी काही नाव दिलेले नाही.

जोडणी झाल्यावरही काम संपत नाही. २३ ऑगस्ट १९४७ रोजी लँकेस्टर या गाजलेल्या विमानाचा शिल्पकार रॉय चॅडविक इंग्लंडमध्ये चाचणी-उड्डाणात गेला. आदल्या रात्रीच्या दुरुस्तीत एलेरॉनची जोडणी उलटी झाली होती. म्हणून शहाणा वैमानिक दांडी मुठीत धरतो, अंगठा वर ठेवतो आणि दांडी झुकवतो. अंगठा ज्या पंखाकडे वळेल, त्या पंखाचा एलेरॉन वर उचललेला दिसला पाहिजे. नुसती दांडी हलते एवढे पुरेसे नाही. ती योग्य दिशेला हलते का, ते डोळ्यांनी पाहावे लागते.

‘शिक, म्हणजे तुझे हात काळे व्हायचे नाहीत,’ असे आबा मला नेहमी सांगतात. त्यांचे कष्ट मी पाहते, म्हणून वाद घालत नाही. पण आपण शिकून उद्या शिक्षक होऊ, कारकून होऊ, कुणी अधिकारी होऊ. आपणही नियम लिहू, अर्ज छापू, धडे तयार करू. त्याही एक प्रकारच्या कळाच आहेत, आणि त्या दुसऱ्याच कुणाला घाईच्या, अडचणीच्या वेळी चाचपडत शोधाव्या लागणार आहेत. आपल्याला सोयीची जागा कोणती, एवढेच पाहून त्या बसवल्या, तर आपल्या हुशारीचा त्याला उपयोग काय? माझे हात काळे होवोत वा न होवोत, कागदावर काही लिहिण्याआधी समोरच्याची बोटे तिथवर पोचतात का, हे पाहण्याची सवय मात्र मला आबांकडून उचलायची आहे.