थोरली

मी घरातली थोरली. २०१७ साली तानसा जलवाहिनीलगतची आमची झोपडी पडली आणि आम्ही माहुलच्या इमारतीत आलो. तेव्हा मी अकरा वर्षांची, पाठचा भाऊ पाचाचा, धाकटी सव्वा वर्षाची. आईची धुण्याभांड्याची कामं विद्याविहारलाच राहिली. पहाटे निघालेली ती दिवेलागणीला परते. बाबा बिगारीवर.

धाकटीचं न्हाणं, भरवणं, भावाला शाळेत सोडणं माझ्याकडे आलं. रिफायनरीकडचा उग्र वास आला की धाकटी खोके. तिला कडेवर घेऊन मी खिडक्या लावी. शेजारणी म्हणत, "पोर गुणाची आहे हो!" आई सुखावे, मीही सुखावत असे. त्या कौतुकापायी माझ्या शाळेचे खाडे कुणी मोजलेच नाहीत. पुढे शेजारच्या आजींनी धाकटीला सांभाळलं, म्हणून शाळा सुटता सुटता वाचली.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा आम्ही वर्गात शिकलो. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत, सक्तीचं शिक्षण! पण कडेवरचं सव्वा वर्षाचं भावंड शाळेच्या वेळात कुणाकडे द्यायचं, ते त्यात नाही.

यंदा माझ्या परीक्षेच्या दिवशी धाकटी तापानं फणफणली. भाऊ म्हणाला, "ताई, तू जा. मी राहतो घरी." त्याच्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू आला. मी त्याचं दप्तर त्याच्या खांद्याला अडकवलं आणि आईकडे पाहिलं.

त्या दिवशी आईनं कामावर खाडा केला. पहिल्यांदाच.